वंशावळीत आई कुठे आहे?

(अभनपूर, जि. रायपूर येथे पहिल्या पिढीतल्या पदवीधर तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या घरांत जुने कागद फारसे सापडत नाहीत. आजोबा शाळेतच गेले नाहीत, तर शाळेचा दाखला कुठून येणार? जमीन नावावर नव्हती, तर सरकारी दप्तरात नाव कुठून सापडणार? तरीही इथे बसलेल्या बहुतेकांच्या घरी पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद असतोच. वंशावळीचा. तो कुणी हौसेने काढलेला नाही. जातीच्या दाखल्यासाठी काढावा लागला. त्यासाठी पटवाऱ्याकडे किती खेपा होतात, मिसल बंदोबस्ताची नक्कल मिळवताना काय काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. अनुसूचित जातीच्या मुलाने 10 ऑगस्ट 1950, जमातीच्या मुलाने 6 सप्टेंबर 1950 आणि ओबीसी मुलाने 26 डिसेंबर 1984 या तारखेला आपलं कुटुंब इथलंच होतं हे दाखवायचं. तुमचे जे नातेवाईक नागपूर, भंडारा, गोंदियाकडे आहेत, त्यांनाही व्हॅलिडिटीसाठी असाच कागद शपथपत्रासह द्यावा लागतो.

तो कागद डोळ्यांसमोर आणा. वर पणजोबा. खाली आजोबा आणि त्यांचे भाऊ. मग वडील, काका. मग तुम्ही. आता सांगा, त्यात तुमची आई कुठे आहे? आईची आई कुठे आहे? मावशी आहे का? नाही. कारण तो कागद जात शोधण्यासाठी आहे, आणि जात बापाकडून येते असं धरून तो बनवलेला आहे. आंतरजातीय लग्नातल्या मुलाची जात आपोआप बापाचीच धरता येणार नाही, ते मूल कसं वाढलं हेही पाहावं लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये रमेशभाई नायका खटल्यात सांगितलं. पण कागदाचा नमुना बदललेला नाही.

आज मला या कागदाबद्दलच बोलायचं आहे. पिढ्यान्‌पिढ्या खरोखर काय उतरतं, काय उतरत नाही आणि ते वंशावळीवरून कसं ओळखायचं? उदाहरण दूरचं घेत नाही. आपल्या रक्तातलंच घेते. सिकलसेलचं.

पण आधी हे सांगायला हवं की वंशावळ नावाच्या गोष्टीने आपल्याला पुष्कळ छळलं आहे. मराठी माणसाला याचं सर्वांत मोठं उदाहरण पाठ असायला हवं. 1674 मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होणार होता. राज्य त्यांनी तलवारीवर आणि बुद्धीवर उभं केलं होतं, तरी क्षत्रियत्वाचा प्रश्न उभा केला गेला आणि मेवाडच्या सिसोदिया घराण्याशी नातं सांगणारी वंशावळ पुढे करावी लागली. छत्रपतींनाही कागद मागणारी ही व्यवस्था आहे. तिथे तुमचंआमचं काय!

तिकडे इंग्लंडात 1869 मध्ये फ्रान्सिस गाल्टन नावाच्या विद्वानाने 'हेरेडिटरी जीनियस' हे पुस्तक लिहिलं. न्यायाधीश, मुत्सद्दी, सेनापती, शास्त्रज्ञ यांची घराणी त्याने मांडली. मोठ्या माणसाचे जवळचे नातेवाईक पुष्कळदा मोठेच निघतात, असं त्याला दिसलं आणि त्याने निष्कर्ष काढला, बुद्धी रक्तातून येते. आता तुम्हीच विचार करा. न्यायाधीशाच्या मुलाला बापाकडून आणखी काय काय मिळालं होतं? घरातली पुस्तकं, शाळेची फी, अभ्यासाची खोली, कुणाला भेटायचं याची माहिती, आणि पडलो तरी कुणीतरी उचलेल हा भरवसा. हे सगळं घराण्यातूनच आलं, पण रक्तातून आलं नाही. घराण्यात एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते म्हणजे ती जन्मजात असते असं होत नाही. तसं असतं तर तुमच्या घराण्यात आजवर कुणी पदवीधर नव्हता म्हणून तुम्हीही झाला नसतात. याच गाल्टनने 1883 मध्ये 'युजेनिक्स' हा शब्द घडवला. चांगल्या वंशाची पैदास वाढवायची, वाईटाची थांबवायची, ही ती कल्पना. तिने पुढे जर्मनीत काय केलं ते जगाला माहीत आहे.

आपल्या देशात 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. पारध्याच्या पोटी जन्मलं म्हणजे गुन्हेगार. धंदा जातीतून येतो तसा गुन्हाही जातीतून येतो, असा त्यामागचा हिशोब होता. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. पोलिसांच्या आणि शेजाऱ्यांच्या मनातून तो कधी रद्द होणार, ठाऊक नाही. आणि आपल्या बोलण्यात तर म्हणच आहे, 'खाण तशी माती'. तुम्ही वर्गात एका प्रश्नाला अडखळलात की कुणीतरी ती मनात म्हणतोच.

याला उत्तर बाबासाहेबांनी 1936 मध्ये दिलं आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि तिथे होऊ न शकलेलं भाषण, 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट', तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. त्यात एक जागा आहे, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. जातीमुळे वंश शुद्ध राहतो, हा युक्तिवाद खोडताना बाबासाहेब विल्यम बेटसनचा दाखला देतात. बेटसन म्हणजे 'जेनेटिक्स' हा शब्द घडवणारा शास्त्रज्ञ. मनाचे आणि बुद्धीचे वरचे गुण एकाच ठरावीक वाटेने वारशात उतरतात असं दिसत नाही, हा त्याचा मुद्दा बाबासाहेबांनी उचलला. म्हणजे त्यांनी आनुवंशिकतेचं शास्त्र नाकारलं नाही. त्यांनी ते नीट वाचलं आणि त्याच्या आधारे जातीचा दावा खोटा ठरवला. आपल्यालाही तेच करायचं आहे.

आता रक्ताकडे येऊ. आपल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं. त्याच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं ओळीने जोडलेली असतात. सिकलसेलमध्ये त्यातल्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेलं असतं. 146 अक्षरांच्या ओळीत एक अक्षर चुकलेलं. तेवढ्याने पेशी ऑक्सिजन सोडल्यावर विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर फुटते. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत संपते. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे, म्हणून हाडांत आणि सांध्यांत जीव नकोसा करणाऱ्या कळा.

1910 मध्ये शिकागोत जेम्स हेरिक या डॉक्टराने अशा पेशींची पहिली नोंद छापली. रोगी होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक कृष्णवर्णीय विद्यार्थी. शिकण्यासाठी घर सोडून परमुलखात आलेला मुलगा. 1949 मध्ये जेम्स नील याने रोग्यांच्या आईबापांची रक्तं तपासली आणि दाखवलं की आजार मुलाला असला तरी खूण दोघांच्याही रक्तात असते. आईच्याही आणि बापाच्याही. त्याच वर्षी लायनस पाउलिंगने सिकलसेलला 'रेणूचा आजार' म्हटलं. भारतात 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत तो सापडला आणि 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली. तेव्हा हा सगळा मुलूख नुकताच एका प्रांतातून फुटून वेगळा झाला होता. 1956 पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. राज्यांच्या सीमा बदलल्या, रक्ताची गोष्ट तीच राहिली.

आता वही काढा. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल. लग्नासाठी आडवी रेघ, मुलांसाठी खाली उभी रेघ. आजारी असेल तर आकृती पूर्ण काळी करायची, वाहक असेल तर अर्धी. वारलेल्या माणसावर तिरकी रेघ. जगभरातले डॉक्टर हीच वंशावळ काढतात आणि तिच्यात आईला बापाइतकीच जागा असते.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही चांगल्या असतील तर एए. एक बदललेली असेल तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही बदललेल्या असतील तर एसएस, म्हणजे रोगी. वाहक माणूस आजारी नसतो. तो नांगर धरतो, पोलीस भरतीत धावतो, अधिकारी होतो. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन, पूर्ण मोकळं असण्याची चारात एक. 'प्रत्येक गरोदरपणात' हे शब्द नीट ऐका. पहिलं मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली असं नसतं. दर वेळी नव्याने फासा पडतो. जोडप्यात एकच वाहक असेल आणि दुसरा एए असेल, तर एकही मूल सिकलसेलचा रोगी होत नाही.

एक घर कल्पून पाहू. आठ वर्षांचा मुलगा. हातपाय दुखतात, डोळे पिवळे होतात, दोनदा रक्त द्यावं लागलं. तपासणीत एसएस निघाला. एवढ्या एका काळ्या चौकोनावरून वंशावळ बोलायला लागते. त्याचे आईवडील दोघंही वाहक आहेत. आईला ती प्रत आपल्या आईकडून किंवा वडिलांकडून आली, म्हणजे मामा आणि मावशीलाही ती मिळालेली असण्याची शक्यता निदान निम्मी. तसंच काका आणि आत्याचं. आणि त्या मुलाची ठणठणीत बहीण? ती रोगी नाही, म्हणून उरलेल्या तीन शक्यतांपैकी दोनांत ती वाहक आहे. म्हणजे धोक्याची खबर मावशीच्या घरीही पोहोचायला हवी, मग तिला राजिमकडे दिलेली असो की धमतरीकडे. आणि पटवाऱ्याच्या कागदावर मावशी आहेच कुठे? जात शोधणाऱ्या वंशावळीवर विसंबलो तर अर्धं कुटुंब डोळ्याआड होतं.

या अर्ध्या वंशावळीची शिक्षा बाईला होते. लेकरू वारंवार आजारी पडलं की सासरी बोलणं सुरू होतं, 'आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं, हिनेच आणलं.' शास्त्र सांगतं, एसएस मूल एकट्या आईमुळे होत नाही. निम्मं बापाचं असतं. आणि लेकरं एकामागून एक गेली, तर बोट त्याहून पुढे जातं. नजर लागली, करणी झाली, अमकी टोनही आहे. छत्तीसगढला 2005 मध्ये टोनही प्रताडना निवारण अधिनियम करावा लागला, यातच सगळं आलं. ज्या मृत्यूचं कारण रक्ताच्या एका थेंबात दिसू शकतं, त्याचं कारण म्हणून गावाबाहेरच्या एखाद्या म्हातारीला धरायचं? वंशवृक्ष काढायला शिकणं हे अंधश्रद्धा निर्मूलनाचंही काम आहे.

आता जातीचं बघू. हे जनुक इतकं पसरलं कसं? 1954 मध्ये अँथनी अ‍ॅलिसनने दाखवलं की वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथे मलेरिया फार, तिथे वाहक जास्त जगले. आफ्रिकेत, अरबस्तानात, आपल्या जंगलपट्ट्यात. मलेरियाचा डास जातीचा दाखला मागत नाही. मग काही जातींत हे जनुक जास्त आणि काहींत कमी का? कारण लग्न जातीतच होतं. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न हेच आहे, हे त्यांनी तेव्हा मांडलं. 2013 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी डीएनएवरून दाखवलं की या देशात एकेकाळी लोकसमूह मोकळेपणाने मिसळत होते आणि सुमारे 1,900 वर्षांपूर्वीपर्यंत ते मिसळणं थांबत गेलं. जात सनातन नाही, तिला सुरुवात आहे. ती आपल्या रक्तात मोजता येते.

साधा हिशोब करू. रायपूर मेडिकल कॉलेजच्या पथकाने 2011 मध्ये छापलेल्या पाहणीत छत्तीसगढमधल्या साडेतीन लाखांवर मुलांपैकी दर शंभरांत नऊच्या आसपास वाहक सापडले. लग्नं कशीही झाली तर दोघंही वाहक असण्याची वेळ साधारण सव्वाशे लग्नांत एकदा येईल. समजा, एखाद्या जातीत वाहक शंभरात वीस आहेत आणि लग्नं त्याच जातीत होतात. मग तीच वेळ पंचवीस लग्नांत एकदा येते. वंश शुद्ध ठेवायला निघालेल्या कुंपणाने काय साठवलं ते बघा.

म्हणून हा 'आपल्या लोकांचा आजार' आहे का? नाही. विदर्भात महार समाजाचं नाव या आजाराशी फार आधीपासून जोडलं गेलं आणि अनेकांना ते जातीच्या शिवीसारखं लागलं. पण छत्तीसगढमध्ये साहू, कुर्मी, सतनामी, महार, गोंड, हलबा या सर्वांत तो आहे. आणि कुंपणाच्या आत साठलेले आजार वरच्या आणि श्रीमंत म्हणवणाऱ्या समाजांतही आहेत. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त. पारशी समाजात जी-सिक्स-पीडीची कमतरता जास्त. वैश्य समाजातल्या काहींना शस्त्रक्रियेच्या भुलीतलं एक औषध सोसत नाही. जनुकांची यादी काढली तर कुठल्याही जातीला मान वर करून चालायला जागा उरत नाही. आणि आंतरजातीय लग्न केलं की सिकलसेल पळाला, असंही कुणी समजू नका. साहू मुलगा आणि महार मुलगी दोघंही वाहक असू शकतात. एकाकडे सिकलसेल आणि दुसऱ्याकडे थॅलेसेमियाचं जनुक असेल, तरी मूल आजारी होऊ शकतं. तपासणी सर्वांनीच करायची. आंतरजातीय लग्न आपण करतो ते माणूस म्हणून बरोबरीसाठी. त्याला रक्ताचं कारण द्यायची गरज नाही.

1 जुलै 2023 रोजी शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन मिशन सुरू झालं. आदिवासीबहुल भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. तपासणी व्हायलाच हवी. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, शिबिरातली सोल्युबिलिटी टेस्ट फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. तुम्ही वाहक की रोगी, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी सांगते. ती पक्की तपासणी झाल्याशिवाय कुणावर शिक्का मारू नका, मारून घेऊ नका. रायपूरला सिकलसेलसाठी वेगळी संस्था आहे, तिथे विचारा.

दुसरी गोष्ट कार्डाची. लग्नाआधी कार्ड जुळवा, असं आता सांगितलं जातं. छत्तीस गुण जुळवण्यापेक्षा एक रक्ततपासणी हजारपट बरी, हे मी कुठेही म्हणेन. पण ते कार्ड नवी जात होता कामा नये. मुलीचा रिपोर्ट आधी मागायचा आणि मुलाचा विषयच काढायचा नाही, हे चालणार नाही. वाहक मुलीला नकार देणारा मुलगा स्वतः एए असेल, तर त्या नकाराला शास्त्रात काहीही आधार नाही. दोघंही वाहक असले आणि तरी त्यांना लग्न करायचं असेल, तर तो त्यांचा हक्क आहे. गर्भाची तपासणी लवकर होऊ शकते, त्याची माहिती त्यांना मिळाली पाहिजे आणि निर्णय त्या बाईचा असला पाहिजे. 'निर्मूलन' हा शब्द आजारासाठी आहे, माणसांसाठी नाही.

जे रोगी आहेत त्यांच्याबद्दल बोललं तर कमी जातं. हायड्रॉक्सियुरिया नावाचं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतलं तर कळा कमी होतात. भरपूर पाणी, वेळेवर लसी, लहानपणी पेनिसिलिन, यांनी आयुष्य वाढतं. 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक बदलणाऱ्या उपचाराला मंजुरी मिळाली, अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर. ज्यांच्या शरीरात हा आजार आहे, त्यांच्या खिशाचा तिथे विचार झालेला नाही. आणि तुम्ही पदवीधर आहात म्हणून कायदाही सांगते. दिव्यांग व्यक्ती अधिकार अधिनियम 2016 च्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे. 40 टक्क्यांवर प्रमाणपत्र मिळालं तर सरकारी उच्च शिक्षणसंस्थांतल्या 5 टक्के राखीव जागांवर हक्क सांगता येतो. सरकारी नोकरीतल्या 4 टक्क्यांत मात्र रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. कळा आल्या की आठ आठ दिवस अंथरुणाला खिळणाऱ्या मुलाला कायदा दिव्यांग म्हणतो, पण नोकरी देताना मोजत नाही. ही मागणी कुणीतरी लावून धरायला हवी. तुमच्याशिवाय कोण धरणार?

शेवटचं, कामाचं. घरी गेल्यावर नवी वंशावळ काढा. सुरुवात आईच्या आईपासून करा. तिला विचारा, किती बाळंतपणं झाली, किती लेकरं जगली, जी गेली ती कितव्या वर्षी, कशाने. कुणाला सारखी कावीळ व्हायची, कुणाला रक्त चढवलं, कुणाचे सांधे दुखायचे. तिच्या बहिणी कुठे दिल्या. हे सगळं तिला तोंडपाठ असतं, आजवर कुणी विचारलं नाही एवढंच. विचारताना घाई करू नका, कारण ज्या लेकरांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत त्यांच्याबद्दल तुम्ही विचारत आहात. आणि जे कळेल ते कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. ज्याचा रिपोर्ट, त्याचा हक्क. गरज असेल त्या मावशीला, त्या आत्याला तुम्ही स्वतः जाऊन सांगा.

जातीच्या दाखल्यासाठी तुम्ही बापाची सात नावं शोधून काढलीत. आता आईची तीन शोधा.

जय भीम, जय सतनाम.